मुलाची खोली रिकामी होतेय

एका ४५ वर्षांच्या वाचक बाईंचं पत्र आलं आहे. त्या नोकरी करतात, घराच्या हप्त्यात त्यांचाही पगार जातो. कॉलेजात असताना कथा लिहायच्या, दोन छापूनही आल्या होत्या. मग २० वर्षं काहीच नाही. गेल्या वर्षी घरून शिकता येईल अशा एम.ए.ला त्यांनी नाव घातलं आणि कथांची वहीही पुन्हा उघडली. घरात पती, सासूबाई, १९ वर्षांचा मुलगा आणि १६ वर्षांची मुलगी. झोपायच्या खोल्या तीन. एक नवरा-बायकोची, एक मुलाची, एकीत आजी आणि नात. अभ्यास आणि लेखन जेवणाच्या टेबलावर, रात्री उशिरा. 'सगळे झोपले की मला माझा आवाज ऐकू येतो,' असं त्यांनी लिहिलं आहे. मुलगा आता शिकायला बाहेर जातोय. त्याची खोली आपल्याला मिळावी असं त्यांना वाटतं. बिचकत विषय काढला तर पती हसून म्हणाले, 'अख्खं घर तुझंच आहे की! ती खोली पाहुण्यांसाठी ठेवू.' मध्यंतरी मुलीने त्यांची वही वाचली, तेव्हापासून हात आखडला आहे. त्या विचारतात, खोली मागणं हा स्वार्थ आहे का? कित्येक बायकांनी स्वयंपाकघरात बसून लिहिलं, मग मी खोलीचं निमित्त तर करत नाही? आणि खोली मिळूनही काही लिहून झालं नाही, तर?

ताई,

तुमच्या प्रश्नांआधी मी तुमच्या यजमानांच्या वाक्याशी थांबते. 'अख्खं घर तुझंच आहे.' हे ते प्रेमाने म्हणाले असतील, असंच मी धरून चालते. पण एकदा घरभर फिरून पाहा. ओट्यापाशी गेलात की तिथलं काम समोर येतं. झोपायच्या खोलीत घड्या घालायचे कपडे पडलेले असतात. बाहेरच्या खोलीत बसलात की 'आई, माझं अमुक कुठंय?' सुरू होतं. घर तुमचं आहे याचा रोजच्या व्यवहारातला अर्थ, घराचं सगळं तुमच्या अंगावर आहे, एवढाच उरतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१८ साली ६४ देशांतली आकडेवारी मांडली होती. बिनपगारी घरकाम आणि माणसांची काळजी यांत बायकांचे दिवसाला सरासरी ४ तास २५ मिनिटं जातात, पुरुषांचे १ तास २३ मिनिटं. शिवाय काय संपलंय, कोण कधी येणार, कुणाचं औषध कधी द्यायचं, हे डोक्यात अखंड चालू असतं, ते घड्याळ लावून कसं मोजणार? लिहिणाऱ्या बाईला ते जास्त नडतं. वही उघडून बसलं तरी ते थांबत नाही.

म्हणून आधी नेमकं काय हवंय ते स्वतःशी स्पष्ट करा. भिंती हव्यात, टेबल हवंय, एकांत हवाय, की तासभर कुणी हाक मारणार नाही याची खात्री हवीय? रात्री तुम्हाला तुमचा आवाज ऐकू येतो. टेबल तेच असतं, जागा तीच असते, हाक मारणारी माणसं तेवढी झोपलेली असतात. मला वाटतं, तुम्ही गेलं वर्षभर ही खात्री आपल्या झोपेतून कापून विकत घेत आला आहात.

आता स्वयंपाकघरात लिहिणाऱ्या बायकांविषयी. हा दाखला बायकांना फार सहज दिला जातो, आणि आपण तो स्वतःलाही देतो. त्यातली सगळ्यांची लाडकी गोष्ट इंग्रज कादंबरीकार जेन ऑस्टिनची. तिला लिहायला वेगळी खोली नव्हती. चॉटन गावातल्या घरात ती एका लहानशा टेबलाशी बसून लिहायची. तिथलं एक दार उघडताना करकरायचं, ते तिने दुरुस्त करू दिलं नाही, कारण कुणी येतंय हे त्यामुळे कळायचं आणि कागद झाकता यायचे. तिच्या भाच्याने तिच्या मृत्यूनंतर पन्नासएक वर्षांनी ही हकिगत लिहून ठेवली. ऐकायला छान आहे. पण तिच्या मागचंपुढचं कुणी सांगत नाही. १८०१ साली वडिलांनी बिऱ्हाड बाथ शहरात हलवलं. १८०५ मध्ये वडील गेले आणि मग या घरातून त्या घरात, या नातलगाकडून त्या नातलगाकडे असं सुरू झालं. त्या सगळ्या काळात तिचं लेखन जवळजवळ थंडावलं. एक कादंबरी सुरू केली, तीही अर्धवट राहिली. १८०९ मध्ये भावाने चॉटनचं घर राहायला दिलं, आणि १८११ ते १८१५ या काळात तिच्या चार कादंबऱ्या छापून आल्या. काहींचे खर्डे जुने होते, पण ते हातावेगळे झाले या घरात. टेबल लहान असेल, पण ते उद्याही तिथेच असणार होतं. आणि त्या घरातलं बहुतेक काम बहीण कॅसांड्रा आणि मैत्रीण मार्था लॉइड या दोघी बघायच्या. जेनच्या वाट्याला सकाळची न्याहारी होती. ती झाली की ती मोकळी. त्या टेबलाची गोष्ट सांगणाऱ्याने कॅसांड्राची गोष्टही सांगायला हवी, असं मला फार वाटतं.

आपल्या भाषेतल्या बहिणाबाई चौधरींचं पाहा. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात काम करताना गाणी रचायच्या. मुलगा सोपानदेव आणि घरातल्या माणसांनी जी उतरून घेतली ती राहिली. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि १९५२ मध्ये गाण्यांचं पुस्तक आलं. हात गुंतलेले, हाताला एक लय आणि डोकं मोकळं, अशा कामात ओवी येते. थोडक्यात पुरी होते, पाठ राहते, मध्येच उठावं लागलं तरी मोडत नाही. ओवीचा तो आकार जात्याजवळच्या त्या जागेने आणि वेळेने घडवला आहे. तिचं मोल मी तसूभरही कमी मानत नाही. पण तुम्हाला दीर्घकथा लिहायची आहे, एम.ए.चे निबंध लिहायचे आहेत. काल जिथे थांबलात तिथे आज परत जाता यायला हवं. चार पुस्तकं उघडी राहायला हवीत, खोडलेलं पान तसंच पडून राहायला हवं. जेवणाच्या टेबलावरून ते रोज दोनदा उचलावं लागतं आणि उचलताना विचारही उचलला जातो. ज्या बायकांनी स्वयंपाकघरात लिहिलं त्यांनी त्या जागेत मावेल ते लिहिलं. जे मावलं नाही ते आपल्यापर्यंत पोचलंच नाही, त्यामुळे त्याचा दाखला कुणी देत नाही.

शिकण्याच्या बाबतीत आणखी एक अडचण असते, ती तुमच्या पत्रात ओझरती आली आहे. एकोणिसाव्या शतकातल्या बंगालमधल्या राससुंदरी देवी पंचविशीच्या सुमारास चोरून वाचायला शिकल्या. पोथीतलं एक पान त्यांनी स्वयंपाकघरात लपवलं आणि मुलाने गिरवलेल्या अक्षरांशी ते ताडून एकेक अक्षर ओळखलं. पुढे त्यांनी आत्मचरित्र लिहिलं. कुणी पाहील ही त्यांची भीती तेव्हाच्या काळातली होती. आज तुमचा अभ्यास कुणी अडवत नाही, उलट कौतुक होतं. पण कौतुकातही कुणीतरी बघत असतंच. शिकणारा अडखळतो, चुकीचं वाचतो, सोप्या गोष्टीत अडकून पडतो. लहान मुलाला ते माफ असतं. ४५ व्या वर्षी, १६ वर्षांच्या मुलीसमोर, कळत नसलेला परिच्छेद पाचव्यांदा वाचायला माणूस कचरतो. मग आपण सोपं तेवढं वाचतो आणि अवघड रात्रीसाठी ठेवतो. रात्री डोळे मिटतात. बंद दाराआड निदान हवं तितकं चुकता येतं.

मग खोली हे निमित्त आहे का? काही जणींच्या बाबतीत असतं, हे मी नाकारत नाही. ज्या बाईने अनेक वर्षं एक ओळही लिहिलेली नाही आणि जी म्हणते की खोली मिळाली की लिहीन, तिला मी आधी रोज १५ मिनिटं कुठेही बसून लिहायला सांगेन. तुम्ही दिवसभराची नोकरी करून, रात्री सगळं आवरून लिहीत आहात. वर्षभर. निमित्त शोधणारी माणसं एवढं जागत नाहीत. हा संशय तुम्ही मनातून काढून टाकावा.

स्वार्थाचंही तसंच. इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वुल्फने १९२८ मध्ये केंब्रिजच्या दोन महिला महाविद्यालयांत व्याख्यानं दिली, त्यांतून पुढच्या वर्षी 'अ रूम ऑफ वन्स ओन' हे पुस्तक झालं. त्यातली स्वतःची खोली सगळ्यांना आठवते. तिने खोलीबरोबर वर्षाला ५०० पौंडांचं उत्पन्नही लागतं म्हटलं होतं, ते मागे पडतं. तुमच्याकडे उत्पन्न आहे. घराच्या हप्त्यात तुमचा पगार आहे. तुम्ही परवानगी मागत आहात तिथे खरं तर वाटणीचं बोलणं व्हायला हवं. वर्षातून मोजके दिवस येणाऱ्या पाहुण्यांना ज्या घरात खोली मिळू शकते, तिथे रोज राहणाऱ्या माणसाने तिच्यावर हक्क सांगितला तर त्यात स्वार्थ कुठे आला?

मात्र खोली मिळाली की सगळं सुटेल, असं मी तुम्हाला सांगणार नाही. सतराव्या शतकात मेक्सिकोत सोर हुआना इनेस दे ला क्रूझ नावाची मोठी कवयित्री होऊन गेली. अभ्यास करता यावा म्हणून तिने लग्नाऐवजी ख्रिस्ती मठ जवळ केला. तिथे तिला स्वतःची खोली होती, मोठा ग्रंथसंग्रह होता. तरीही १६९१ मध्ये लिहिलेल्या एका दीर्घ पत्रात ती सांगते की मी वाचत बसले की शेजारच्या खोलीत गाणंबजावणं सुरू होतं, दोन मोलकरणी भांडून माझ्याकडे न्याय मागायला येतात, कुणी मैत्रीण भेटायला येते. सगळ्या प्रेमाने येतात, त्यामुळे रागावताही येत नाही. तिने काढलेला उपाय मला फार शहाणपणाचा वाटतो. ती स्वतःशी ठरवायची की आता पंधरा दिवस, कधी महिनाभर, फारच गरज असल्याशिवाय कुणाच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. मुदत संपली की एकदोन दिवस सगळ्यांत मिसळायचं, म्हणजे कुणी दुखावत नाही, आणि मग पुन्हा दार लावायचं. अखेरीस तिच्यावरचा दबाव वाढत गेला आणि ग्रंथसंग्रह तिच्या हातून गेला. खोली होती, पण तिच्या अभ्यासाला आजूबाजूच्यांची मान्यता उरली नव्हती.

तुमच्या घरात ती मान्यता कशी मिळवायची, हा खरा कामाचा भाग आहे. 'मला खोली हवी' एवढं म्हटलं तर ते घरावरच्या रुसव्यासारखं ऐकू येतं. त्याऐवजी मुदतीचं बोला. 'पुढचे सहा महिने, आठवड्यातले चार दिवस, संध्याकाळी साडेसात ते नऊ मी त्या खोलीत असेन. पाहुणे आले तर ते दोन दिवस मी बाहेर बसेन. सहा महिन्यांनी पुन्हा बघू.' याला नाही म्हणणं कठीण असतं, कारण यात वेळ आहे, शेवट आहे आणि पाहुण्यांचीही सोय आहे. आणि लगेच दुसरं वाक्य बोला. ते जास्त महत्त्वाचं आहे आणि बहुतेक जणी ते गिळतात. त्या दीड तासात हाकेला कोण ओ देणार? नाव घेऊन ठरवा. सासूबाईंचं औषध कोण देणार, बेल वाजली तर कोण उठणार, फोन कोण घेणार. 'कुणीतरी बघेल' असं ठेवलंत तर ते कुणीतरी तुम्हीच असाल आणि दार उघडं राहील.

पहिले काही आठवडे दारावर टकटक होईलच. 'फक्त एकच विचारायचं होतं' म्हणून होईल. दार उघडून उत्तर देऊ नका, आतूनच 'नऊ वाजता सांगते' म्हणा. हे कठोर वाटेल, तुम्हालाच जास्त वाटेल. पण मुलांच्या परीक्षेच्या दिवसांत तुम्ही घरातला टीव्ही बंद ठेवला असेल, माणसांना हळू बोलायला लावलं असेल. घराला शांत राहता येतं. तुमच्यासाठी ते कधी मागितलं गेलं नाही, इतकंच. परीक्षेची तारीख तुम्हालाही असते, ती सगळ्यांना दिसेल अशा कॅलेंडरवर लिहा.

खोलीत सामान कमी ठेवा. इस्त्रीचे कपडे, जादाची अंथरुणं, 'सध्या इथे राहू दे' म्हणून येणारी खोकी पहिल्याच आठवड्यात नाकारा. टेबल भिंतीकडे तोंड करून ठेवा, दाराकडे नको. उठताना वही मिटू नका, वाक्य अर्ध्यावर सोडून उठलात तरी चालेल. दुसऱ्या दिवशी ते अर्धं वाक्य तुम्हाला आत ओढून घेतं.

हे वाचणाऱ्या बऱ्याच जणींकडे रिकामी होणारी खोली नसेल, एकच खोली असेल. त्यांनाही मी हेच सांगेन की जागा नसेल तर निदान वेळ पक्की करा, आणि ती रात्रीची उरलेली नको. सार्वजनिक वाचनालयाची अभ्यासिका, काम संपल्यावर ऑफिसातच अर्धा तास, आठवड्यातून एकदा मैत्रिणीचं घर आणि एकदा तिला आपलं, यातलं काहीही चालेल. एक खण किंवा एक पेटी तरी अशी असावी जिची किल्ली तुमच्याकडे आहे. रोज आवरावं लागलं तरी सगळं एका ताटात किंवा खोक्यात मावेल असं ठेवा, म्हणजे उचलायला आणि पुन्हा मांडायला मिनिटभर पुरतं.

आता तुमच्या शेवटच्या भीतीविषयी. खोली मिळाली आणि लिहून झालं नाही, तर? पहिले काही आठवडे बहुधा नाहीच होणार. मला स्वतःची खोली मिळाली तेव्हा पहिला महिना मी पुस्तकं लावण्यात आणि खिडकीबाहेर बघण्यात घालवला. इतकी वर्षं हाकेची सवय असलेलं मन हाक नसतानाही कान टवकारून बसतं. ते शांत व्हायला वेळ लागतो. घरच्यांना लिहिलेली पानं दाखवण्याचं वचन देऊ नका. खोलीचं भाडं पानांत चुकवायचं ठरलं की तुम्ही पुन्हा कुणाच्या तरी नजरेखाली लिहायला लागाल. कुणी विचारलं, 'काय लिहिलंस?' तर 'चाललंय' एवढं उत्तर पुरे.

एक गोष्ट मात्र मला तुमच्या पत्रात खटकली, ती मोकळेपणाने सांगते. तीन खोल्यांतली एक मुलाची होती आणि मुलगी आजीच्या खोलीत. हे तुम्ही पंखा कुठे आहे ते सांगावं तसं सांगून गेलात. त्याला खोली मिळाली तेव्हा कुणी स्वार्थाचा विचार केला होता का? मुलगी आता १६ वर्षांची आहे. ती कुठे अभ्यास करते, मनातलं कुठे लिहिते, रडायला कुठे जाते? रिकाम्या होणाऱ्या खोलीवर तुमच्याइतकाच तिचाही हक्क आहे, आणि तो तिने अजून मागितलेला नाही, कारण तिने तुम्हालाही काही मागताना पाहिलेलं नाही.

यावर तुम्ही माघार घ्याल आणि खोली तिला देऊन पुन्हा जेवणाच्या टेबलावर जाल, ही मला भीती आहे. तसं करू नका. ते तिला चांगलंही वाटेल आणि त्यातून ती नको तेच शिकेल. खोली दोघींची करा. दोन टेबलं, दोन खण, दोन किल्ल्या. तुमचे दीड तास तुमचे, ते संपले की खोली तिची. तेवढा वेळ ती आजीच्या खोलीत बसेल, आणि तिच्या वेळात तुम्ही दार वाजवल्याशिवाय आत जाणार नाही. एकाच वेळी दोघी आत असाल तेव्हा बोलायचं नाही, हा नियम तिलाच करू द्या. तो ती तुमच्यापेक्षा कडक पाळेल.

वहीचं बोलणंही तेव्हाच होऊ द्या. तिने वही वाचली त्यामागे खोडी असेल किंवा कुतूहल. कदाचित आई घराबाहेरचा काही विचार करते, हे तिला पहिल्यांदाच दिसलं असेल. ओरडू नका. पण 'काही हरकत नाही' असंही म्हणू नका, कारण हरकत आहे, तुमचा हात तेव्हापासून आखडला आहे. तिला एवढंच सांगा, 'माझी वही मी दिल्याशिवाय उघडायची नाही. तुझी वही आणि तुझा फोन मीही उघडणार नाही.' दुसरं वाक्य पाळणं तुम्हाला जड जाणार आहे. कधी तिचा फोन तुमच्यासमोर उजळलेला पडलेला असेल आणि ती खोलीत नसेल. तेव्हा तो पालथा घालून ठेवा.